फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्या भावाला

पारोळा तालुक्यातल्या एका मुलानं विचारलंय. बी.ए. झालंय, दोन वर्षांपासून फ्लेक्सच्या दुकानात बसतो. कोरलड्रॉ चांगलं येतं, फोटोशॉप कामापुरतं. पुण्याला जाऊ की इथंच राहू? डिझाइनची डिग्री नाही, तर कुणी उभं करेल का? आता एआय मिनिटभरात बॅनर करून देतं, मग या धंद्यात राहण्यात अर्थ आहे का? आणि सगळ्यात शेवटी, जरा संकोचून: "ताई, मला अक्षरं काढायला खूप आवडतात. रात्री वहीत काढत बसतो. त्याचा काही उपयोग होईल का?"

भाऊ, मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला त्यातच दिसतात.

माझे वडील अमळनेरला पेंटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, निवडणूक आली की भिंतीच भिंती. १९९२ साली दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला पहिल्यांदा दोरी धरायला नेलं. खडूच्या भुकटीत घोळलेली सुतळी पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, मधोमध चिमटीत धरून सोडायची. फट्कन पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषा. खाली तशीच दुसरी रेघ मारायची आणि दोन्हींच्या मध्ये अक्षरं बसवायची. ब्रश हातात घेण्याआधी नाना पाचेक मिनिटं पाटीसमोर नुसते उभे राहायचे. मला वाटायचं, थकलेत. खरं तर ते मनात मोजत असायचे. 'र' अरुंद, 'ज्ञ' आणि 'क्ष' ऐसपैस, पहिल्या वेलांटीची कमान किती वर जाणार, खाली उकार आला तर ओळ कुठं टेकणार. एकदा मोजून झालं की हात थांबायचा नाही.

त्यांचं एक वाक्य मी तेव्हा पाठ केलं आणि मला त्याचा अर्थ वीस वर्षांनी कळला: "अक्षराच्या पोटात हवा राहू दे." एप्रिल-मेच्या उन्हात ऑइल पेंट पातळ होतो आणि ओघळतो. 'ळ'ची दोन्ही पोटं लहान काढली तर रंग आत पसरतो आणि दुपारपर्यंत 'ळ'चा गोळा होतो. म्हणून नाना 'ळ' कायम सुटसुटीत काढायचे, अगदी पसरट वाटेल इतका.

पुढे मी जळगावला माझं डिझाइनचं काम सुरू केलं. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याला पुण्या-मुंबईकडे माल पाठवायला खोका हवा होता. तेरा किलोचा पुठ्ठ्याचा खोका, तपकिरी क्राफ्ट कागद, दोन रंगांत छपाई. मी संगणकावर सुंदर काम केलं. 'केळी' हा शब्द बारीक, डौलदार अक्षरांत लिहिला, मागे पानाची छटा हिरव्यातून पिवळ्यात उतरत जाणारी. खोक्याच्या कारखान्यात पहिला पुठ्ठा मशीनमधून बाहेर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पुठ्ठ्यावर छपाई रबरासारख्या मऊ प्लेटनं होते. दाब पडला की शाई बाजूला सरकते, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा रंगात पट्ट्यासारख्या उमटतात. 'क'चं वाटोळं बुजलं होतं, 'ळ'ची दोन्ही पोटं भरली होती आणि छटेच्या जागी हिरवा डाग होता. मशीनवरचा कारागीर शांतपणे म्हणाला, "मॅडम, एवढी बारीक रेघ इथं टिकत नाही."

त्या रात्री मी संगणक बंद केला आणि कागद घेतला. नानांच्या पाटीवरचा 'ळ' आठवून आठवून काढला. 'केळी' हाच शब्द चाळीसेक वेळा लिहिला असेल. पोटं मोकळी, दांडा जाड, वेलांटीची कमान 'ळ'पासून सुटी ठेवलेली. तो कागद स्कॅन करून त्यावरून आकार ओढले, छटा काढून टाकली, एका रंगात पान आणि दुसऱ्यात अक्षर. पुढचा पुठ्ठा बाहेर आला तेव्हा वीस फुटांवरून 'केळी' वाचता येत होतं. त्या व्यापाऱ्याच्या खोक्यावर आजही तोच शब्द आहे, आणि त्या खोक्यानं मला पुढची कितीतरी कामं मिळवून दिली.

म्हणून रात्रीच्या त्या वहीचा उपयोग विचारतोस तेव्हा मला सांगावंसं वाटतं, की तुझ्या धंद्यातला सगळ्यात किमती भाग तू दिवसभराचं काम संपल्यावर करतोयस. कोरल येणारी मुलं प्रत्येक तालुक्याला पन्नास मिळतील. देवनागरी अक्षर आतून ओळखणारा, ते कुठं बुजेल, कुठं उघडेल, दुरून कसं दिसेल हे हातानं कळलेला माणूस शोधायला मला आजही कष्ट पडतात.

आता एआयचं. खोटा धीर देणार नाही.

२००४ च्या सुमारास आमच्याकडे फ्लेक्सचं मशीन आलं, आणि तीन-चार वर्षांत नानांचं काम संपलं. कमी झालं असं नाही, संपलं. ज्या दुकानदारांनी पाटीला रंग सुकेपर्यंत दोन दिवस वाट बघितली होती, ते तासाभरात बॅनर घेऊन जाऊ लागले, तेही फोटोसकट आणि निम्म्या पैशात. नानांच्या हातात कसब कमी नव्हतं. त्यांच्या कामाचा वेळ आणि भाव दोन्ही बाजारातून उठले. मी तेव्हा पुण्याला एका जाहिरात संस्थेत होते. त्यांना संगणकासमोर बसवावं, त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करावा, हे मला सुचलं तेव्हा त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्या गोष्टीची रुखरुख अजून जात नाही. म्हणून तुला सांगते, यंत्र आलं की काम जातं हे मी घरात बघितलंय. तुझ्या दुकानात आताच लोक मोबाइलवर तयार चित्र घेऊन येत असतील, "फक्त प्रिंट काढून द्या" म्हणत असतील. हे वाढणार. वाढदिवसाचा बॅनर, सणाच्या शुभेच्छा, सवलतीची जाहिरात, ही कामं तुझ्या हातातून जाणार असं धरूनच चाल. आज त्या चित्रातली मराठी जोडाक्षरं कधी कधी मोडकी येतात, पण त्या भरवशावर बसू नकोस. ती सुधारतील.

जाणार नाही ते काय, हे मी एका चुकीतून शिकले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट चूक.

१९९७ साली मी एका प्रेसमध्ये डीटीपीला, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर लावायला लागले. बाराशे रुपये पगार, पेजमेकर, आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत लग्नपत्रिका. घाई असली की जुनी पत्रिका उघडायची आणि नावं बदलायची, अशी सगळ्यांचीच पद्धत. एका पत्रिकेत मी नाव बदललं आणि आजोबांच्या नावाआधीचं जुनं 'कै.' तसंच राहिलं. ज्यांच्या नातीचं लग्न, ते आजोबा हयात. पाचशे पत्रिका छापून गेल्या, काही वाटल्याही गेल्या. चौथ्या दिवशी ते स्वतः आले. धोतर, टोपी, हातात पत्रिका. आरडाओरडा नाही. पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "बेटा, मी आजून जित्ता शे." मला मान वर करता येईना. पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून पैसे फेडले, आणि वाटलेल्या पत्रिका परत मागायला त्यांच्या मुलाबरोबर मी स्वतः घरोघरी गेले.

तेव्हापासून मी जुन्या फाइलवर नवी नावं कधी टाकली नाहीत. मजकूर कोऱ्या पानावर टाइप करते. प्रूफ मोबाइलवर पाठवून "ओके" मागत नाही, घरातल्या एका मोठ्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगते, प्रत्येक नावावर बोट ठेवून. कोण हयात, कोण नाही, कुणाचं नाव आधी, मामाचं नाव राहिलं तर लग्नात काय होईल, हे जाणून त्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. चित्र कशानंही बनो, छापायला देण्याआधी त्यावर सही करणारा कुणीतरी हवा. तो तू हो. पार्टीनं एआयचं चित्र आणलं तर ते नाकारू नकोस. त्यातली अक्षरं काढून टाक, मजकूर नीट बसव, रंग छपाईला जुळव, आणि त्या कामाचे पैसे वेगळे लाव. मी हेच करते.

तू ज्या दुकानात बसतोस त्याला कमी लेखू नकोस. चाळीस शुभेच्छुकांचे फोटो एका बॅनरवर बसवणं हे मांडणीचं खरं शिक्षण आहे. कुणाचा चेहरा मोठा, कुणाचा लहान, कोण नेत्याच्या उजव्या हाताला, कोण खालच्या ओळीत. सगळ्यांची डोकी एका उंचीवर आली पाहिजेत आणि तरी मुख्य माणूस आधी दिसला पाहिजे. कॉलेजात याला ग्रिड आणि हायरार्की म्हणतात. तू ते रोज करतोस, फक्त डोळे उघडे ठेवून कर. पाहिजे तर एक प्रयोग कर: तू केलेला बॅनर धुळे-जळगाव हायवेला जिथं लागलाय तिथं जा. आधी खाली उभा राहून बघ, मग मोटारसायकलवरून जाता जाता बघ. तुला तीन सेकंद मिळतील. त्यात काय वाचलं गेलं ते वहीत लिही. बहुतेक वेळा नावापेक्षा पिवळी किनारच जास्त दिसलेली असते. महिनाभर हे केलंस तर तुझे बॅनर आपोआप मोकळे होतील, मी सांगायची गरज पडणार नाही.

आता काही गोष्टी अशा, ज्या फ्लेक्सच्या दुकानात कुणी शिकवत नाही आणि ज्यांच्यावाचून पुढं अडतं.

पहिली म्हणजे युनिकोड, प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. दुकानात तू बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतोस, जिथं पडद्यावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर कचरा होतो. तो मजकूर वेबसाइटवर चालत नाही, शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर पाठवता येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक, म्हणजे मराठी टाइप करायची कळांची ठरलेली मांडणी, शिक. पंधरा दिवस बोटं अडखळतील, मग आयुष्यभर सुख. युनिकोडमधले चांगले मराठी फॉन्ट आता फुकट मिळतात. मुक्ता आणि बलू हे एक टाइप या मुंबईच्या गटानं केलेत, हिंद आणि पॉपिन्स इंडियन टाइप फाउंड्रीचे. हे डाउनलोड करून नुसते वापरू नकोस, मोठे करून बघ. मुक्तातला 'अ' आणि बलूमधला 'अ' शेजारी ठेव. एकाचा सूर बातमीचा, दुसऱ्याचा लहान मुलांच्या खाऊचा. असं का वाटतं, ते वहीत काढून शोध.

दुसरी म्हणजे मराठीचं स्वतःचं वळण. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. शाळेत आपण जो पाकळीचा 'ल' गिरवला तो वेगळा. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. बहुतेकांना ही सोय आहे हेच माहीत नसतं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करशील तेव्हा परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय लाव, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. आणि 'र्‍या'कडे लक्ष दे. एका शाळेच्या अंकात 'सातपुड्याच्या दऱ्या' असं शीर्षक होतं, छापून आलं 'सातपुड्याच्या दर्या'. डोंगराचा समुद्र झाला. ही चूक तपासणाऱ्याच्या डोळ्यातून सुटते, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

इंग्रजी आणि मराठी शेजारी आली की एकाच पॉइंट साइजला मराठी लहान दिसते. वर मात्रा, खाली उकार यांना जागा सोडायची म्हणून मधलं अक्षर आखूड होतं. मराठी थोडी मोठी कर आणि ओळींमध्ये जास्त जागा सोड. मराठी पुस्तिका दाटीवाटीची वाटते त्याचं कारण निम्म्या वेळा एवढंच असतं.

डिग्रीबद्दल. माझ्याकडे डिझाइनची डिग्री नाही, बी.कॉम. आहे. त्यामुळे फार काही अडलं नाही, पण थोडं अडलं हे कबूल करते: रंगशास्त्र, कलेचा इतिहास, माणसाचं शरीर काढणं, हे मला तुकड्या-तुकड्यानं शिकावं लागलं. बारावीनंतरची मुलं राज्याची सीईटी देऊन बी.एफ.ए. अप्लाइड आर्टला जातात. मुंबईचं सर जे. जे. त्यांच्या डोळ्यापुढं असतं. तुझा तो टप्पा गेला, पण एक दार तुला उघडं आहे आणि ते तुला कुणी सांगितलं नसणार. आयआयटी मुंबई सीड नावाची परीक्षा घेते, एम.डेस.च्या, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशासाठी. परीक्षेला बसायला बारावीनंतर तीन वर्षांची कोणतीही पदवी चालते. बी.ए. चालतं. प्रवेशाच्या अटी मात्र प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतात, त्या आधी बघून घे. आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे १९६९ पासूनचं डिझाइनचं केंद्र, आणि तिथं देवनागरी अक्षरांवर खरोखर काम झालंय, आजही होतं. परीक्षेत चित्र काढावं लागतं, निरीक्षण लागतं, विचार मांडावा लागतो. तू वही भरतोसच. वर्षभर तयारी करून एकदा देऊन बघ. नाही झालं तरी त्या तयारीत जे शिकशील ते दुकानात दुप्पट होऊन परत येईल. महागड्या खासगी कोर्सला मात्र घरचं शेत किंवा सोनं मोडू नकोस. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती मी बऱ्याच डिझाइन केल्यात. त्या कशा लिहिल्या जातात ते मला माहीत आहे.

पुणे. जा, पण दोन-तीन वर्षांसाठी जा, आणि काय आणायला जातोयस ते ठरवून जा. मी सहा वर्षं राहिले. तिथं मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, माझ्या कामावर कुणीतरी रोज लाल पेन चालवायचं. इथं दुकानात पार्टी "भारी झालं" म्हणते आणि जाते, कुणी सांगत नाही की हे अक्षर का पडलंय. दोन, काम हातात घेण्याआधी प्रश्न विचारायची सवय: हे कोण बघणार, कुठं उभं राहून बघणार, बघून त्यानं काय करायचं. पहिले सहा महिने मी या प्रश्नांना वेळेचा खोळंबा समजत होते. २००७ ला नानांच्या आजारपणासाठी परत आले आणि परत गेले नाही. इथं काम आहे. केळी आहेत, जळगावचा सराफ बाजार आहे, नंदुरबारची मिरची आहे, ठिबकवाले आहेत, शाळा-कॉलेजं आहेत, महिला बचत गटांचे पापड-मसाले आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या नावाला साजेशी पाकिटं आणि खोके अजून फार थोड्यांकडे आहेत. हे काम पुण्यातला माणूस करेल, पण शेवभाजीच्या मसाल्याच्या पाकिटावर लाल रंग किती तिखट दिसला पाहिजे हे तू जास्त बरोबर सांगशील.

तेव्हा पुण्याला नोकरी मागायला जाण्याआधी इथल्याच एका धंद्याचं पूर्ण काम करून दाखव. समज, एका बचत गटाचा खानदेशी मसाला. नाव हातानं लिही. पाकिटाची मागची बाजू नीट लाव: अन्नसुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, महिना, पत्ता. नवी मुलं पुढची बाजू सजवतात आणि मागचं सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबतात. मग तेच नाव खोक्यावर दोन रंगांत कसं दिसेल, टेम्पोच्या बाजूला कसं दिसेल, बिलावर काळ्या-पांढऱ्यात कसं दिसेल, ते दाखव. माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलांच्या फोल्डरमध्ये पन्नास बॅनर असतात. असं एक काम असलं तर मी बाकीचे पन्नास बघतही नाही.

पैशाचं थोडक्यात. निम्मी रक्कम आधी, बाकी फाइल देताना. किती वेळा बदल करून देणार ते आधी सांग. मूळ उघडी फाइल देणार की फक्त छपाईची, हेही आधीच लिहून घे, मोबाइलवर मेसेज केला तरी चालेल. ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायला आपल्याकडे जीभ अडखळते. एका ओळखीच्या संस्थेनं माझं बोधचिन्ह वापरलं, चार वर्षं बिलाला "बघू" म्हणाले आणि पैसे कधीच आले नाहीत. चूक माझीही होती, कागदावर काहीच नव्हतं.

आवडीबद्दल अजून थोडं बोलायचंय, कारण तू ते संकोचानं विचारलंस आणि मला तो संकोच घालवायचाय.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथं संग्रहालय आहे. हे गृहस्थ इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकून आले. मुंबईत राहिले नाहीत, चाळीसगावच्या त्या घरात राहिले, पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, १९८९ ला गेले तोवर. टेबलावर कागद, पीठ, वाळक्या काटक्या, दिवा मांडून त्यांनी फोटोत बर्फाळ डोंगर आणि गावं उभी केली. तू एकदा जाऊन बघ. हातातल्या साध्या वस्तूवर उजेड कुठून पडला की ती दुसरंच काहीतरी होते, हे फोटोशॉपच्या कुठल्याही धड्यापेक्षा तिथं जास्त कळतं. आणि अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर आहे, आपण मात्र पाहुणे आले की दाखवायला जातो. एकटा जा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी आणि थोडा निळा, एवढ्यात ते सगळं उभं केलंय. मी दोन रंगांच्या खोक्यावर कुरकुरायला लागले की ते आठवते.

माझी स्वतःची आवड भुलाबाईची गाणी. लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आम्ही घरोघरी म्हणायचो. आईच्या वहीत ती लिहिलेली होती, अहिराणी आणि मराठी मिसळून, शुद्धलेखनाची पर्वा न करता. ती वही फाटायला लागली तेव्हा मी त्यातली काही गाणी हातानं लिहून सोळा पानांची पुस्तिका केली. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. अहिराणी लिहिताना खूप अडले. आई उच्चारायची ते अक्षरात बसेना. कुठं 'न' लिहावा, कुठं 'ना', यावर तिच्याशी वाद घातला. शेवटी ती गायची आणि मी ऐकून अक्षर लांबवायचे, आखडायचे, जिथं तिचा सूर रेंगाळायचा तिथं काना खाली ओढायचे. देवनागरी अक्षर आवाजासारखं ताणता येतं, हे मला त्या सोळा पानांत सापडलं. पुढं एका शाळेच्या शतक महोत्सवाचं सगळं काम मला त्या पुस्तिकेमुळं मिळालं. त्यांनी माझा एकही बॅनर बघितला नव्हता. पण काम मिळालं नसतं तरी मी ती केलीच असती. आई गेल्यावर आता ती पुस्तिका उघडली की तिचा आवाज येतो.

तर आता एक काम सांगते. पारोळ्यात किल्ल्याच्या बाजूच्या बाजारपेठेत जा, दुपारी, दुकानं शांत असताना. हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या अजून काही शिल्लक असतील. फ्लेक्सच्या मागे झाकलेल्याही असतात, दुकानदाराला विचार, तो दाखवतो. त्यातल्या 'ळ'चे वीस फोटो काढ. 'ळ' नसेल तर 'क्ष' घे. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं, तेही टिपून घे, आणि तो माणूस हयात असला तर त्याच्या घरी जा. दोरी कशी मारतात ते विचार, त्याला ब्रश धरायला सांग, आणि तो लिहीत असताना त्याच्या हाताचा व्हिडिओ घे. मग वीसही 'ळ' वहीत मोठे करून काढ आणि ती पानं मला पाठव. अमळनेरची एखादी पाटी त्यात सापडली तर कोपरा नीट बघ. नाना तिथं 'पेंटर' हा शब्द लिहायचे नाहीत, फक्त एक छोटा ब्रश काढायचे.